तीन प्रोसेसर असले तरी

वेर्ण्याला कंट्रोल रूममध्ये लागलास, म्हणून सांगतो. सेफ्टी कंट्रोलर म्हणजे धोका दिसला की प्लांट सुरक्षितपणे बंद करणारा संगणक. त्यातले तीन प्रोसेसर म्हणजे गाडीची स्टेपनी नव्हे. तिघेही एकच प्रोग्राम एकाच वेळी चालवतात, दर स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, आपापली माहिती ताडून पाहतात आणि तिघांपैकी दोघांचं जुळेल ते खरं धरतात. हेच टू-आउट-ऑफ-थ्री व्होटिंग.

दोनच असले आणि त्यांचं जुळलं नाही, तर चुकतोय कोण हे नुसत्या तुलनेवरून कळत नाही. मग प्रत्येकाची स्वतःची डायग्नॉस्टिक तपासणी कडक लागते, नाहीतर प्लांट ट्रिप करणं, म्हणजे बंद करणं, एवढंच हाती राहतं. तिघांत मात्र बिघडलेला एकटा पडतो आणि त्याचं मॉड्यूल प्लांट चालू असतानाच बदलता येतं. ते लगेच बदल. 'अजून दोन आहेत' म्हणत फॉल्टचा अलार्म पुढच्या शिफ्टवर ढकलणं मला अजिबात पटत नाही.

खरी भीती तिघांना एकदम गाठणाऱ्या कारणाची. प्रोग्राममध्येच चूक असेल तर तिघेही एकमताने चुकतील. दाब मोजून कळवणारा प्रेशर ट्रान्समीटर एकच असेल तर तिघांना एकच खोटा आकडा मिळेल. आणि आपल्या गोव्यात पावसाळ्यात पॅनलचा एसी बंद पडला, की दमट, खारी हवा तिन्ही कार्डांना लागते.

उद्या ड्यूटीवर गेलास की आधी ड्रॉइंग काढ आणि कंट्रोलरचे दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या फीडरवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वेगळ्या लाइनींवर, आहेत का ते बघ; नाहीतर एक लाइन गेली की तिघेही एकदम बंद.