टीडीएस मीटरला काय कळतंय?

मागच्या अंकात बोअरच्या पाण्यावर चार ओळी काय लिहिल्या, मेसेजचा नुसता पाऊस पडला (ढगांनी पण सोलापूरवर एवढी मर्जी ठेवली असती तर बरं झालं असतं). बरेच प्रश्न एकमेकात गुंतलेत म्हणून एकत्रच घेतेय, कुणाचं उत्तर लांबलं नि कुणाचं दोन ओळीत आटपलं तर राग मानू नका.

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्यामुळं बोअरचं पाणी कधीकधी प्यायला पण लागतं. परवा फिल्टर विकणारा मुलगा आला, मीटर बुडवून ११०० दाखवलं, मग दोन ग्लासात दांड्यांचं यंत्र घालून करंट सोडला. आमचं पाणी दोन मिनिटात चिखल झालं, त्याच्या आरओचं होतं तसंच राहिलं. म्हणाला हे बघा शिसं, हे बघा आर्सेनिक. सासूबाईंनी घरचं पाणीच सोडलंय. खरं आहे का हे?

आधी सासूबाईंना तांब्याभर पाणी द्या. तो चिखल तुमच्या पाण्यातला नाही, यंत्राच्या दांड्यांमधला आहे. त्यात लोखंडी दांडी असते, करंट गेला की लोखंड विरघळतं आणि गंज होऊन ग्लासात उतरतं. करंट वाहायला पाण्यात क्षार लागतात, बोअरच्या पाण्यात ते ढीगभर, आरओच्या पाण्यात नावाला, म्हणून तिथं काही घडत नाही. पुन्हा आला तर त्याच्याच ग्लासात दोन चिमटी मीठ टाका आणि आता सोड म्हणावं करंट.

मीटरचं म्हणाल तर ते बिचारं पाण्यातून वीज किती वाहते एवढंच बघतं आणि त्यावरून टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा, अंदाज सांगतं. ११०० म्हणजे लिटरला अंदाजे ११०० मिलिग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मधे, ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आता शिशाची मर्यादा बघा, लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. तुमच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या पाचपट असलं तरी मीटर ११००च दाखवणार आणि अजिबात नसलं तरी ११००च. गड्ड्याच्या जत्रेला किती माणसं आली ते मोजून त्यात पाकीटमार किती ते कळतं का? तसंच आहे हे.

बोअरचं पाणी प्यायचंच असेल तर माझ्या मते आधी नायट्रेट आणि फ्लोराईड तपासा. शोषखड्डा जवळ असेल तर नायट्रेट चढतं, मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळाच्या दुधाला ते पाणी अजिबात नको. पाणी उकळून नायट्रेट किंवा आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते होतं तेवढंच राहतं. आर्सेनिकची मोठी भानगड आहे गंगेच्या गाळाच्या पट्ट्यात, बंगाल-बिहारकडं, आपण बसलोय काळ्या बेसाल्टवर. शिसं मात्र कुठंही घरात शिरू शकतं, पितळी तोटीतून, जुन्या पाइपातून, रात्रभर पाणी तुंबून राहिलं की. पुस्तकात लिहितात सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या. पाच दिवसांनी पाणी आलेल्या माणसाला हे कसं सांगायचं, तेव्हा ती पहिली बादली फरशी पुसायला घ्या.

प्रश्न : मुलगा फूड टेक्नॉलॉजी शिकतो. प्रोजेक्टसाठी त्याने बाजारातले सोडे (सुकी कोळंबी) लॅबमधून तपासून आणले, रिपोर्टवर आर्सेनिक ६ पीपीएम (किलोला ६ मिलिग्रॅम). पाण्यात ०.०१ च्या वर चालत नाही म्हणता, मग हे ६०० पट झालं की! डबाच फेकून दिला आम्ही. आता तक्रार कुठं करायची?

तक्रार राहू द्या, डब्याबद्दल मला जास्त वाईट वाटलं. रिपोर्ट पुन्हा काढा आणि आर्सेनिकच्या आधी "टोटल" शब्द आहे का बघा, असणारच. सगळी गोम तिथंय.

टोटल कसं मोजतात सांगते. सोड्याची पूड नायट्रिक अ‍ॅसिडमधे घालून बंद भांड्यात मायक्रोवेव्हने इतकी तापवतात की मांस, प्रथिनं, सगळं मोडून साफ पाण्यासारखं होतं, मग ते आयसीपी-एमएस नावाच्या मशिनमधे फवारतात, तिथं आरगॉन वायूची ज्वाळा असते सहा हजार अंशांच्या वर, त्यात जे जाईल त्याचे सुटे अणू होतात आणि मशिन वजनानुसार ते मोजतं, आर्सेनिकचं वजन ७५. मोजणी लई बारीक होते, पण त्या भट्टीत प्रत्येक अणू कोणत्या घरातून आला ते पुसलं जातं, हातात राहते नुसती शिरगणती.

आणि आर्सेनिकच्या बाबतीत घरच महत्त्वाचं. पाण्यात असतं ते अजैविक आर्सेनिक, त्यातलं तीन संयुजेचं शरीरातल्या प्रथिनांच्या गंधकाला जाऊन चिकटतं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचेचा, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होतो. समुद्रातल्या मासळीत, कोळंबीत बहुतेक आर्सेनिक असतं आर्सेनोबीटेन या सेंद्रिय रूपात. १९७७ मधे ऑस्ट्रेलियातल्या शेवंडांमधे ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. हे शरीरात कशालाच धरत नाही, आलं तसं लघवीवाटे निघून जातं. म्हणून सोड्यातलं ६ पीपीएम टोटल ऐकून मी घाबरत नाही, समुद्री मालात असे आकडे नेहमीचे. पण तांदळात ०.३ पीपीएम अजैविक निघालं तर मी दुकानदार बदलेन, कारण कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) २०१४ मधे पांढऱ्या तांदळाला अजैविक आर्सेनिकची मर्यादाच ०.२ ठेवलीय. भातखाचरात पाणी तुंबून राहतं, तिथं मातीतलं आर्सेनिक सुटतं आणि मुळांना ओढायला सोपं जातं. आपली मंगळवेढ्याची ज्वारी कोरड्या रानात ओलीवर येते, तिला ही भानगड नाही (भाकरीची जाहिरात म्हणा हवं तर). भात करायचा तर भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून द्या, बरंचसं त्यात निघून जातं.

मुलाला म्हणावं लॅबला "स्पेसिएशन करता का" असं विचार. म्हणजे अ‍ॅसिडने मोडतोड न करता हलक्या हाताने अर्क काढायचा, तो एचपीएलसीच्या नळीतून सोडायचा, तिथं एकेक रूप वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतं आणि पुढं तेच आयसीपी-एमएस त्यांना मोजतं. खर्चिक काम आहे, सगळीकडं होत नाही. अजून एक खोच, सोडे खारट असतात ना, मिठातलं क्लोरीन (३५) आणि ज्वाळेतला आरगॉन (४०) जोडी करून बसतात, बेरीज ७५! मशिनला वाटतं आर्सेनिकच आलं. हुशार लॅब वाटेत हेलियम सोडून ही जोडी गाळून टाकते, तेही विचारायला सांगा, परीक्षेत मार्क वाढतील.

प्रश्न : म्हणजे सेंद्रिय रूप असलं की चांगलं, असंच ना? उजनीची चिलापी आमच्याकडं आठवड्यातून दोनदा होते, पाऱ्याबद्दल वाचलं म्हणून विचारते.

नाही हो, इथं उलटं आहे, म्हणून तर या विषयात सूत्र पाठ करून भागत नाही. पाऱ्याचं सेंद्रिय रूप, मिथाइल मर्क्युरी, तेच जास्त वाईट. ते आतड्यातून जवळपास सगळं रक्तात जातं, मेंदूत शिरतं, गर्भापर्यंत पोचतं. जपानात मिनामाटाला १९५६ मधे जो आजार पुढं आला तो कारखान्याचं पाणी समुद्रात, तिथून मासळीत आणि मासळीतून माणसात असाच. लहान माशाला मोठा खातो तसं ते वरवर साठत जातं, त्यामुळं शिकारी माशात जास्त आणि शेवाळ-बिवाळ खाणाऱ्यात कमी. चिलापी त्या उतरंडीत खालच्या पायरीवर आहे. आणि ते मांसातच घट्ट बसलेलं असतं, डोकं काढून, धुऊन, तळून जात नाही. उजनीच्या पाण्याचा हिरवा रंग बघून मलाही कसंतरी होतं पण तो शेवाळाचा, पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याला रंगच नसतो.

प्रश्न : पूर्व भागात घर आहे, जवळच डाय हाऊस. गटारीतून कधी फिरोजी कधी लाल पाणी जातं आणि आमच्या हापशात क्रोमियम ०.०४ आलंय. रंगातलंच असणार ना?

रंग डोळ्याला दिसतो म्हणून सगळं त्याच्या अंगावर ढकलू नका. चादरी-टॉवेल सुताचे, क्रोम डाय मुख्यतः लोकरीला लागतात. हां, सल्फर रंग पक्का करायला बायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) वापरायचे, घरात कुणी म्हातारे कामगार असतील तर त्यांना शब्द माहीत असेल. फिरोजीत क्रोमियम नसून बहुतेक वेळा तांबं असतं आणि तेही रंगाच्या रेणूत पक्कं अडकलेलं.

तुमचं ०.०४ हे एकूण, मर्यादा ०.०५, म्हणजे पास. तरी काठावर आहे तर सहा संयुजेचं क्रोमियम वेगळं मोजून घ्या. तीन संयुजेचं पेशीत सहजासहजी शिरत नाही, सहावालं शिरतं आणि कॅन्सर करतं. ही टेस्ट महाग नाही, डायफिनाइल कार्बाझाइड टाकलं की जांभळट गुलाबी रंग येतो आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजतात, कुठल्याही बऱ्या लॅबमधे होते. फक्त बाटलीत अ‍ॅसिड घालून ठेवू नका, सहाचं तीन होऊन बसतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

प्रश्न : हळदीत शिसं घरच्या घरी ओळखता येतं का?

थोडं असेल तर नाही. पिवळेपणासाठी घालतात ते लेड क्रोमेट, ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं ग्लासात हळद टाकून रंग बघायचा प्रयोग त्याला लागू पडत नाही. बांगलादेशात हळकुंडाला पॉलिश करतानाच ते चोपडायचे, म्हणजे हळकुंड आणून दळलं की सुटलो असंही नाही, फार झगमगीत पिवळं हळकुंड मी घेत नाही. लॅबमधे शिसं आणि क्रोमियम दोन्ही मोजायला सांगा, वजनात साधारण चारास एक आलं तर लेड क्रोमेटच समजा. पाकीटबंद असो नाहीतर सुटी, ग्राहकाला फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासून घ्यायचा हक्क २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० मधे आहे, फक्त घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं.

प्रश्न : सॅम्पल कोल्ड्रिंकच्या बाटलीतून दिलं तर चालेल का?

नाही. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची लॅब जिल्ह्याला असते, पण जाण्याआधी फोन करून विचारा की धातू करता का नुसते क्षार, नाहीतर एनएबीएलवाली (लॅब तपासून मान्यता देतात ती) खाजगी लॅब, आणि बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या, अ‍ॅसिडने धुतलेली असते. एकूण धातू बघायचे तर त्यात नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब ते स्वतःच घालून देतात, ती बाटली नळाखाली खळखळून धुवायची नाही. आमच्याकडं एक काका अशी बाटली घरी नेऊन राखेनं घासून, चकचकीत करून, पाणी भरून घेऊन आले होते, त्यांना दुसरी देऊन परत पाठवलं.