स्टॉप ओढला तरी इंजिन थांबेना

प्रश्न : उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन अचानक सुसाट सुटलं. स्टॉपची दांडी ओढूनही थांबेना. निळा धूर काढत शेवटी आपोआप बंद पडलं. डिझेल पंप गेला का?

उत्तर : आधी सांगतो, पुन्हा असं झालं तर इंजिनची हवा तोडा. जाड सपाट फळी एअर क्लीनरच्या तोंडावर घट्ट दाबा. हात किंवा फडकं कदापि लावू नका. ओढ फार जबर असते. जवळ जाणं धोक्याचं वाटलं तर लांब पळा, इंजिन गेलं तरी चालेल.

निळ्या धुरावरून मला पंपावर संशय नाही. पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी, अडकला असता तर धूर बहुधा काळा आला असता. तुमचं इंजिन ऑइल पिऊन पळालं, म्हणून डिझेल तोडणारी स्टॉपची दांडी चालली नाही. ऑइल गेजची पट्टी काढून बोटांत चोळा, वास घ्या. ऑइल पातळ, डिझेलचा वास आणि पातळी खुणेच्या वर? मग बहुधा फीड पंपातून (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलमध्ये, उतरतंय. तसं नसेल तर एअर क्लीनरची ऑइलची वाटी बघा, खुणेपेक्षा जास्त ऑइल भरण्याची चूक मी सर्रास पाहतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर त्याचं ऑइल अडवणारं सील बघा. कारण सापडेपर्यंत स्टार्टर मारू नका.