घरी केलेलं बायोडिझेल धुवायला कोणता एअर पंप घ्यावा?
कॉम्प्रेसर नको, माशांच्या टाकीचा छोटा पंप पुरतो. फक्त तुमच्या बायोडिझेलच्या टाकीच्या खोलीपर्यंत तो हवा ढकलू शकतो ना, ते आधी बघा. काम जोराचं नाही, बारीक बुडबुड्यांचं आहे. बायोडिझेलखाली तळाशी असलेल्या पाण्यातून निघालेला बुडबुडा पाण्याचा पातळ पापुद्रा घेऊन वर जातो, फुटतो आणि त्या पाण्याचा थेंब बायोडिझेलमध्ये उरलेला साबण, मिथेनॉल टिपत खाली उतरतो. जोरात हवा सोडली तर दह्यासारखा पांढरा थर धरतो, आणि तो लवकर सुटत नाही हो!

एअरस्टोन, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा, हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड, सिरॅमिकचाच घ्या. डिंकाने चिकटवलेले बायोडिझेलमध्ये भुगा होतात. रबरी नळीही फुगते. पंप टाकीतल्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की तेल उलटं पंपात शिरतं.