वाचकांचे प्रश्न : टूल ‘लिहिते’ म्हणजे नेमके काय करते?

प्रश्न : मी हौसेने एक छोटा एआय एजंट (भाषा-मॉडेलच्या मदतीने सांगितलेली कामे स्वतः पार पाडणारा प्रोग्राम) तयार केला असून त्याला फाइल वाचणे, लिहिणे आणि हलवणे अशी तीन टूल्स, म्हणजे वापरता येणारी साधने, दिली आहेत. नोंदींच्या फाइलच्या शेवटी एक ओळ जोडण्यास सांगितले असता त्याने आधीचा सगळा मजकूर पुसला आणि तेवढी एकच ओळ ठेवली. माझ्या टूलचे वर्णन ‘दिलेल्या फाइलमध्ये मजकूर लिहिते’ असे आहे. चूक मॉडेलची की माझी? शिवाय वर्णन मराठीत लिहिलेले चालते का?

उत्तर : चूक वर्णनाची आहे. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवायची याचा तपशील, एवढ्यावरूनच त्याला निर्णय घ्यावा लागतो. ‘लिहिते’ हे क्रियापद निरुपद्रवी वाटते, कारण वहीत लिहिताना आधीची पाने कोणी फाडत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत मात्र फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की तिच्यातला जुना मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतो, तर ‘ए’ मोडमध्ये नवा मजकूर शेवटी जोडला जातो. तुमच्या कोडमध्ये बहुधा पहिला मोड आहे, आणि वर्णनात त्याचा मागमूसही नाही.

वर्णन असे करून पाहावे : ‘फाइलचा संपूर्ण मजकूर काढून टाकून त्या जागी दिलेला मजकूर ठेवते. फाइल नसल्यास नवी तयार करते. जुना मजकूर परत मिळत नाही. शेवटी ओळ जोडायची असल्यास हे टूल वापरू नये. त्यासाठी जोडण्याचे टूल वापरावे.’ यातली शेवटची दोन वाक्ये मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण टूल कशासाठी नाही हे बहुतेक जण लिहीतच नाहीत. अर्थात, जोडण्याचे टूल आधी तयार करावे लागेल!

फाइल हलवण्याच्या टूलमध्येही असाच खड्डा आहे. नव्या जागी त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर पायथॉनची नाव बदलण्याची साधी आज्ञा लिनक्सवर काही न विचारता ती फाइल बदलून टाकते, विंडोजवर मात्र त्रुटी दाखवून थांबते. तुमचे टूल यांपैकी काय करते, हे वर्णनात आलेच पाहिजे. फाइलचा मार्ग पूर्ण द्यायचा की एखाद्या ठरावीक फोल्डरपासून मोजायचा, हेही एका उदाहरणासह नोंदवावे. नावाच्या लांबीबाबतही जपून लिहावे : लिनक्सच्या प्रचलित फाइल प्रणालींत मर्यादा 255 अक्षरांची नसून 255 बाइटची असते, आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेते, म्हणजे 85 चिन्हांतच मर्यादा संपते.

त्रुटीचा संदेश हाही वर्णनाचाच भाग समजावा. नुसते ‘अयशस्वी’ असे उत्तर मिळाले तर एजंट तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसण्याची शक्यता असते. ‘या नावाची फाइल आधीच आहे, दुसरे नाव द्यावे’ असे कळले तर त्याला पुढचे पाऊल सुचते.

मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एआय प्रोग्रामना टूल्स जोडण्याच्या सामाईक नियमावलीत) टूल केवळ वाचणारे आहे की नासधूस करू शकणारे आहे, हे सांगणाऱ्या खुणा नंतर आल्या. पण त्या केवळ सूचक आहेत, असे त्या प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे. ठरलेल्या फोल्डरबाहेर हात लावू न देणे आणि पुसण्यापूर्वी माणसाची परवानगी घेणे, हे कोडमध्येच पक्के करावे.

मराठी वर्णन चालते, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी. देवनागरी मजकुराला सहसा अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) लागतात आणि वर्णने प्रत्येक विनंतीसोबत जातात, एवढे लक्षात ठेवावे. टूलचे नाव मात्र रोमन अक्षरांतच ठेवावे, कारण बऱ्याच सेवा नावात रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा (_) आणि जोडरेषा (-) यांपलीकडे काही स्वीकारत नाहीत.

बदल केल्यावर नकली फाइलींच्या फोल्डरवर ‘जोड’, ‘बदल’, ‘नव्याने लिही’ अशा आज्ञा देऊन एजंट प्रत्येक वेळी कोणते टूल निवडतो ते पाहावे. तुमची नोंदींची फाइल मात्र बॅकअप असेल तरच परत मिळेल.