एसीत बसून काम करणाऱ्याचा कामगार सुरक्षेच्या कायद्यांशी काय संबंध?

तुम्ही विचारलंय, "मी आयटीत आहे, माझ्या कामात जिवाला धोका नाही. मग सुरक्षेच्या कायद्यांशी माझं काय देणंघेणं?"

मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्रानं पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नऊ वर्षं काढली, शेवटची चार वर्षं शिफ्ट सुपरवायझर म्हणून. तिथूनच सुरुवात करतो.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड दाबणारा भाग, खाली येतो. तेवढा वेळ दोन्ही हात डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहतात. आमच्याकडे डावं बटण इन्सुलेशन टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. उजव्या हातानं बटण, डाव्या हातानं जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा. माल भराभर निघायचा. हे मालकाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. एका सेकंड शिफ्टला, रात्री साडेदहाच्या सुमारास, एका पोराची दोन बोटं गेली. कंत्राटी होता, लागून दोनच महिने झालेले. त्याला रिक्षात घालून पाठवलं आणि लगेच वरून फोन आला, आधी ती टेप काढून टाका. मी काढली. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानं आधीच नकार का दिला नाही, असं कुणीही विचारेल. खोलीचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे आणि गेटबाहेर कामासाठी उभी असलेली दुसरी पोरं. त्याला नाही म्हणणं परवडतच नव्हतं. म्हणून ते "नाही" कायद्याला म्हणावं लागतं. 1948 च्या कारखाना कायद्यानं यंत्राचा धोक्याचा भाग झाकून ठेवायची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली, ती कामगाराच्या सावधपणावर सोडली नाही. सगळं मर्म तिथे आहे.

आता तुमच्याकडे येतो. त्या टेपचंच मोठं रूप म्हणजे भोपाळ. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातल्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा तो थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि गळणारा वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर नादुरुस्त होता. मेले ते बहुतेक आसपासच्या वस्त्यांत झोपलेले लोक. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा कारखान्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यानंतर 1987 मध्ये त्याच कारखाना कायद्यात बदल झाला. धोकादायक प्रक्रिया असेल तर तिचे धोके कामगारांनाच नव्हे, शेजारी राहणाऱ्यांनाही सांगणं बंधनकारक झालं. डोंबिवलीकरांना हे वेगळं समजवायला नको. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, दोन्ही वेळा तिथल्या एमआयडीसीत स्फोट झाले आणि काचा फुटल्या त्या लोकांच्या घरांच्या. त्या इमारतींतही तुमच्यासारखे लॅपटॉप घेऊन बसलेले लोक राहतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कधीकधी धोक्याचं काम तुम्हीच देत असता. सोसायटीची सेप्टिक टँक तुंबली की कमिटी कुणाला तरी फोन करते, दोन माणसं येतात आणि त्यातला एक नुसत्या चड्डीवर आत उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं आत उतरवणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे काम देणारे आपण असतो, "ठेकेदाराचं तो बघेल" म्हणून सुटका नाही.

तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर पुढच्या वेळी "टाकी साफ करायची आहे, कोणाकडे स्वस्त माणूस आहे का?" असा मेसेज आला, तर सक्शनची गाडी मागवा असं तुम्ही लिहा. पैसे जास्त जातील. कमिटीत कुरकुर होईल, तरी लिहा.