दुबईत सर्जन शोधण्याआधी वहिनींचं विम्याचं कार्ड बघा

दादा, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गणपती झाले की दापोलीहून दुबईला नोकरीवर रुजू व्हायचं, वहिनी आणि लेक मागून येणार. वहिनींच्या पित्ताशयात खडे आहेत आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. ते दुबईत करायचं झालं तर सर्जन कसा शोधायचा, त्याची डिग्री खरी हे कसं ताडायचं आणि विमा पैसे देईल का? मी मूळचा गुहागरचा, बरीच वर्षं दुबईत आहे. डॉक्टर नाही, पण घरच्यांसाठी आणि गाववाल्यांसाठी हॉस्पिटलच्या विमा काउंटरपुढे पुष्कळदा उभा राहिलोय. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी विम्याचं बघा, कारण कोणत्या सर्जनकडे जाता येईल हे इथे कार्डावरचं नेटवर्क, म्हणजे ते कार्ड जिथे चालतं त्या हॉस्पिटलांची यादी ठरवते. २०१३च्या कायद्यानुसार दुबईत नोकराचा विमा काढणं मालकावर बंधनकारक आहे. बायकोमुलांचा विमा मात्र ज्याच्या व्हिसावर ती येतात त्याने काढायचा असतो. कंपनीने काढून दिला तर नशीब. त्यामुळे नवऱ्याचं कार्ड चांगलं आणि बायकोचं अगदी बेसिक, असं कितीतरी घरांत असतं. ऑफर लेटर हातात असेल तर एचआरला आजच मेल करा: पत्नीचा विमा कंपनी काढणार का, कुठला प्लॅन, कुठलं नेटवर्क, आणि आधीपासूनच्या आजाराला थांबण्याची मुदत किती. उत्तर लेखीच मागा.

ही मुदत तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची. बेसिक प्लॅनमध्ये, म्हणजे ज्याला इथे एसेन्शियल बेनिफिट्स प्लॅन म्हणतात त्यात, पहिल्यांदा विमा घेणाऱ्याच्या जुन्या आजारावर पहिले ६ महिने ठरवून केलेले उपचार धरत नाहीत. अचानक जिवावर बेतलं तर इमर्जन्सी म्हणून बघतात, पण खड्यांचं नियोजित ऑपरेशन त्यात बसणार नाही. त्या प्लॅनची वर्षाची मर्यादा १,५०,००० दिरहॅम आहे. ॲडमिट झाल्यास २० टक्के आपल्याला भरावे लागतात, पण एका वेळी ५०० आणि वर्षाला १,००० दिरहॅमच्या वर नाही. शिवाय थेट सर्जनकडे जाता येत नाही. आधी जनरल प्रॅक्टिशनरला दाखवून त्याची चिठ्ठी घ्यावी लागते. कंपनीचा प्लॅन वरचा असेल तर अटी बऱ्याच सैल असतात.

काही जण सांगतील की फॉर्मवर खडे लिहूच नका. कृपा करून हे ऐकू नका. सोनोग्राफीत खड्यांचा आकार बघून डॉक्टरला कळतं की हे कालपरवाचं नाही, आणि लपवलेलं उघडं पडलं की कंपनी क्लेम नाकारते. मग हजारो दिरहॅमचं बिल घेऊन माणूस उभा राहतो, तेही नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षात.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. वहिनींना दुखण्याचे झटके येत असतील आणि डॉक्टर थांबू नका म्हणत असतील, तर ऑपरेशन तिकडेच उरकून मग त्यांना पाठवा. डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे, रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे, मुंबईत तर नातेवाईक असतीलच. दुर्बिणीतून झालं तर माणूस लवकर उठतो, पण त्या दिवसांत लेकीला सांभाळायला, पेज करून द्यायला घरचं कुणीतरी लागतं. दुबईत तुम्ही कामावर, शेजारी अनोळखी, आणि आईला बोलवायचं तर तिचा व्हिसा काढा, तिचाही विमा काढा. हे ओझं नव्या जागी ओढवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिकडच्या सर्जनचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत बघा. नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि एमएससारखी पुढची पदवी वेगळी नोंदवलेली असते, तीही बघा.

झटके येत नसतील आणि दुबईतच करायचं ठरलं, तर आता सर्जनकडे येऊ. खोट्या डिग्रीची भीती इथे कमी आहे. लायसन्स देण्याआधी पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याच्याकडूनच ती पडताळून घेतात. म्हणजे आपल्याकडच्या डॉक्टरची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची असेल, तर विचारणा नाशिकला जाते. तरी नाव स्वतः शोधाच. दुबई हेल्थ ऑथॉरिटी, म्हणजे डीएचएच्या वेबसाइटवर मेडिकल डिरेक्टरी आहे, ती फुकट बघता येते. लायसन्स कोणत्या दर्जाचं, कोणत्या शाखेचं आणि कुठल्या हॉस्पिटलचं, एवढं त्यात बघून घ्या. 'जनरल सर्जरी' आणि त्याआधी 'स्पेशालिस्ट' किंवा 'कन्सल्टंट' असायला हवं. आपल्याकडे कुठलाही तज्ज्ञ पाटीवर कन्सल्टंट लिहितो. इथे तो स्पेशालिस्टच्या वरचा, लायसन्सवर नोंदलेला दर्जा आहे. खड्यांच्या साध्या ऑपरेशनला अनुभवी स्पेशालिस्ट पुरेसा असतो.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. दुबई हेल्थकेअर सिटी नावाच्या दवाखान्यांच्या खास वसाहतीतल्या डॉक्टरांना लायसन्स देणारं खातं वेगळं आहे. शारजा-अजमानला आरोग्य मंत्रालय लायसन्स देतं, अबुधाबीला तिथला आरोग्य विभाग. भाडं परवडतं म्हणून आपली बरीच माणसं शारजात राहतात आणि दुबईत कामाला जातात. तुम्हीही तसं करणार असाल तर घराजवळचं हॉस्पिटल कार्डात आहे का, हे वेगळं तपासा.

लायसन्स हाताचं कसब सांगत नाही. ते सर्जनलाच विचारा: हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, दुर्बिणीतून जमलं नाही तर काय कराल, भूल कोण देणार, आयसीयू आहे का. विचारलं म्हणून इथे कुणी रागावत नाही. एखादी मल्याळी नर्स ओळखीची असेल तर तिचंही मत घ्या. ऑपरेशन थिएटरमधलं तिला जे ठाऊक असतं ते कुठल्याच वेबसाइटवर नसतं. सर्जनला स्वतःचा व्यावसायिक विमा असावा लागतो, तसा २०१६चा केंद्रीय कायदाच आहे, त्यामुळे त्याची काळजी नको.

खरी ठेच लागते ती क्लिनिक आणि हॉस्पिटलच्या मध्ये. सर्जन तपासतो क्लिनिकमध्ये, तिथे कार्ड चालतं. ऑपरेशन करतो दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि ते तुमच्या नेटवर्कमध्ये नसतं. आमच्या वाडीतल्या एकाला क्लिनिकच्या काउंटरवर "सगळं कव्हर आहे" असं तोंडी सांगितलं होतं, बिल मात्र त्याच्या गळ्यात पडलं. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा की ऑपरेशन कुठल्या इमारतीत होणार. मग कार्डामागच्या नंबरवर फोन करून त्या हॉस्पिटलात ॲडमिट होणं मंजूर आहे का ते विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. हॉस्पिटल विमा कंपनीकडे प्री-ॲप्रूव्हलसाठी, म्हणजे ऑपरेशनआधीच्या मंजुरीसाठी, कागद पाठवेल. मंजुरी आली की तिची प्रत मागा. तिच्यात ऑपरेशनचं नाव, मंजूर रक्कम, तुमचा वाटा आणि मुदतीची तारीख बघा. मुदत संपली तर पुन्हा मंजुरी लागते. नाकारलं तर सर्जनला वैद्यकीय कारण लिहून पुन्हा पाठवायला सांगा; तरीही अडवलं तर डीएचएकडे तक्रार करता येते.

ऑपरेशन तिकडे झालं तर डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट्स आणि पित्ताशयाचा तपासणी अहवाल हातातल्या बॅगेत द्या, मोबाइलवर फोटोही ठेवा. आणि गोळ्या जपून. आपल्याकडे ऑपरेशननंतर वेदनेसाठी ट्रामाडॉल सर्रास लिहून देतात. यूएईत ते नियंत्रित औषध आहे, कोडीनही तसंच. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घेतल्याशिवाय ती पाकिटं बॅगेत नकोत. डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी लिहून घेणं सोपं.

एचआरचं उत्तर आलं की प्लॅनचं आणि नेटवर्कचं नाव मला कळवा. कुठली हॉस्पिटलं त्यात बसतात ते मी इथून बघून देतो.