डॅन्यूबवरच्या रिव्हर क्रूझमध्ये एका दिवसात काय बघावं, आणि शाकाहारी माणसाने बाहेर खावं का?

खावं. बाहेरच खावं. "पैसे भरलेत ना, मग जेवण बोटीवरच" हे वाक्य आठ दिवस आमच्या मोठ्या भाऊजींच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलंच नाही.

आमचा सगळ्यात भारी दिवस ऑस्ट्रियातल्या वाखाउचा, म्हणजे डॅन्यूबच्या खोऱ्याचा. सकाळी मेल्कचा मठ झाला, १०८९ पासून तिथे बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू राहतात, लायब्ररी सुंदर आहे पण गर्दी इतकी की पुढच्याची बॅकपॅकच जास्त दिसते. मेल्क ते क्रेम्स ३५-३६ किलोमीटरचा पट्टा आहे, तेवढा वेळ कृपा करून केबिनमध्ये झोपू नका, वर डेकवर बसा. उतारावर दगडी बांध घालून लावलेली द्राक्षं, मध्येच एखादं चर्च, बास.

दुपारी ड्युर्नश्टाइन. एवढंसं गाव, वर पडका किल्ला. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना ऑस्ट्रियाचा सरदार (ड्यूक) लिओपोल्ड याच्या तावडीत सापडला आणि ११९२ च्या हिवाळ्यात त्याला इथे डांबलं, मग जबरी खंडणी घेऊन सोडला. १६४५ मध्ये स्वीडिश फौजेने किल्ला उडवला, त्यामुळे आता भिंतीच उरल्यात. चढ खडा आहे. अर्ध्या वाटेत भाऊजी खाली बसले आणि म्हणाले, "यापेक्षा आपला सिंहगड बरा, वर पिठलं-भाकरी तरी मिळते."

मी म्हटलं चला मग, खाली उतरून खाऊ. तर नाही, बोटीवर चार वाजता केक असतो! ते घड्याळ बघत बसले आणि मी सरळ मारिलेनक्नोडल, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड गोळे, मागवले. ताजं जर्दाळू घ्यायचं (आपलं सुकं नव्हे), कोय काढून तिथे साखरेचा खडा ठेवायचा, चक्क्यासारख्या चीजच्या पिठात गुंडाळून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि मग लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचं. यायला वीस मिनिटं लागली, त्यात भाऊजींनी चारदा "बोट सुटेल" म्हणून घेतलं. चमच्याने फोडल्यावर आतला केशरी रस चुऱ्यात पसरला, आंबटगोड, चटका बसेल इतका गरम. उकडीचा मोदक चुकून गोल वळलाय असं वाटतं. भाऊजींनी "बघू जरा" म्हणून माझ्या ताटलीतले दीड संपवले, आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगतात की त्या दिवशीचा बोटीवरचा केक फार छान होता!

तर माझं म्हणणं, सकाळी गाइडबरोबर फिरा, दुपारी ग्रुप सोडा. बोटीवर परतायची वेळ लिहिलेल्या पाटीचा फोटो काढून ठेवा, बोट खरंच थांबत नाही. बुफे रात्रीही असतो, तो कुठे पळून जात नाही.

ताज्या जर्दाळूंचा सीझन जुलैच्या आसपास असतो, आम्ही तेव्हाच गेलो होतो. बाकीच्या स्टॉपबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

आणि हो, कट्टर शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्या पिठात बहुतेक ठिकाणी अंडं घालतात. मला हे परत आल्यावर कळलं. भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.